आसऱ्याची तजवीज आधी करावी लागते

कांद्याच्या लागणीला आणि काढणीला नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यात सुरगाणा, पेठ, कळवणच्या पट्ट्यातून आदिवासी मजूर येतात. गिरणाकाठच्या उसाला टोळ्या येतात. काही जण पिकअपमधून सकाळी येऊन संध्याकाळी परततात, तर काही बांधाला पाल ठोकून हंगाम काढतात. या माणसांसाठी तालुक्याने काय ठरवावं, याबद्दलचे हे मुद्दे. आधार बायबलचा घेतला आहे. परक्याला आणि निराधाराला जागा कशी द्यावी याचा अगदी व्यवहारी विचार त्यात आहे आणि तो आचरणात आणण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला आहे.

१. जुन्या करारात सहा आश्रयनगरं नेमून दिली आहेत. यार्देन नदीच्या पश्चिमेला केदेश, शखेम, हेब्रोन आणि पूर्वेला बेसेर, रामोथ, गोलान. ज्याच्या हातून नकळत माणूस मेला, त्याने सूड घेणाऱ्याने गाठण्याआधी तिथे पोहोचायचं. वेशीपाशी वडीलधाऱ्यांनी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं, त्याला आत राहायला जागा द्यायची आणि रीतसर न्याय होईपर्यंत त्याला कोणाच्या हवाली करायचं नाही. ही सोय उपऱ्यालाही होती. नगरांकडे जाणारे रस्ते नीट राखण्याची आज्ञासुद्धा आहे. मला यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की, संकट येण्याआधी जागा ठरलेली होती. आपल्याकडे टोळी उतरल्यावर पाण्याची विचारणा सुरू होते, आणि तोवर एखादं पोर आजारी पडलेलं असतं.

२. आपल्या जिल्ह्यातला तो प्रयत्न म्हणजे नाशिकचं शरणपूर. आज आपण शरणपूर रोडवर दवाखान्याला आणि खरेदीला जातो. तिथली वसाहत १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी उभारली. अरबी समुद्रात गुलामांची ने-आण करणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडत असे. त्यातून सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जात आणि १८६० पासून त्यातली बरीच शरणपुरात येऊ लागली. तिथे त्यांना लिहिणं-वाचणं शिकवलं, सुतारकी-लोहारकीसारखी कामं शिकवली. आफ्रिकेतला शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या मोहिमेत शरणपूरचे तरुण होते. लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये वारला तेव्हा त्याचं शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत ते होते. त्यांच्यातला जेकब वेनराइट शवाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीत त्याने शवपेटीला हात दिला. ज्याला कोणीतरी विकलं होतं, त्या मुलाला नाशिकने उभं केलं. जिल्ह्याच्या इतिहासातलं हे पान आपल्या शाळांत शिकवलं जायला हवं.

पण त्याच पानावर दुसरीही बाजू आहे. या मुलांची मूळ नावं गेली आणि इंग्रजी नावं आली. आसऱ्याबरोबर बाप्तिस्मा आला. पुढे १८७५ च्या सुमारास आफ्रिकेत मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसवलं गेलं, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना तिकडे नेण्यात आलं. त्यांना स्वतःला काय हवं होतं, याची नोंद फार थोडी. अनुवादाच्या पुस्तकात, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रात, पळून आलेल्या दासाबद्दल स्पष्ट सांगितलं आहे: त्याला धन्याच्या स्वाधीन करू नका, तुमच्यात त्याला आवडेल त्या गावी राहू द्या आणि त्याला छळू नका. कुठे राहायचं हे त्याने ठरवायचं. शरणपूर इथे कमी पडलं. आपण आसरा देताना धर्म, मत, कामाची बांधिलकी, यातली कोणतीही किंमत मागू नये.

३. उचल, म्हणजे मजुराला आगाऊ दिलेली रक्कम. गुलामी समुद्रापलीकडे होती असं समजायचं कारण नाही. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे इथल्या कातकरी वस्तीतली मुलं नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे किरकोळ रकमेवर राबायला दिल्याचं उघड झालं. त्यातल्या एका मुलीचा जीव गेला. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद आहे आणि त्या कायद्याने वेठीचं कर्जही रद्द होतं. तरीही उचल फिटली नाही म्हणून मजुराला अडवून ठेवणं अजून व्यवहार म्हणून खपतं. असा मजूर टोळीतून निघून देवळ्याच्या बसस्थानकावर आला, तर त्याला मुकादमाकडे परत नेणाऱ्या गाडीत बसवायचं नाही. तहसील कार्यालयात न्यायचं. हे सरपंच, पोलीस पाटील आणि रिक्षावाल्यांना माहीत असलं पाहिजे.

४. मजुरी. गरीब मजूर आपला भाऊबंद असो की परका, त्याचा रोज सूर्य मावळायच्या आत द्या, कारण त्याचा जीव त्यावर लागलेला असतो, असं त्याच नियमशास्त्रात सांगितलं आहे. भाव पडले की कांद्याची पट्टी काहीच हातात ठेवत नाही, हे मी जाणतो. तरी भावाचा धोका शेतीच्या मालकाचा आहे. तो वाकून कांदे कापणाऱ्या बाईच्या रोजावर ढकलता येत नाही.

५. सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात मागे राहिलेलं. नियमशास्त्र सांगतं: शेताचे कोपरे कापू नका, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नका, ती उपऱ्याची, अनाथाची, विधवेची. बायबलमधली मवाबी रूथ शेतमालक बवाजाच्या शेतात सरवा वेचूनच स्वतःला आणि सासूला जगवते, आणि बवाज गड्यांना बजावतो की तिला कोणी हात लावायचा नाही. आपल्या आज्या सरवा वेचत होत्या. तो हक्काचा होता, भीक नव्हती. आणि परक्या शेतात एकट्या बाईची सुरक्षितता हीसुद्धा मालकाची जबाबदारी आहे.

६. मुलं. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तशी तरतूद आहे. अंगणवाडीतला आहार बाहेरगावच्या लेकरालाही मिळायला हवा.

७. ‘आधी आपल्यांचं बघा’ असं म्हणणाऱ्यांना. आपले कोण? देवळ्याची पोरं सातपूर, अंबड, चाकणला कारखान्यांत आहेत. एका खोलीत चार जण राहतात आणि घरमालक नावगाव विचारून मग दार उघडतो. इस्राएलांना परक्याशी नीट वागायला सांगताना हीच आठवण करून दिली होती: मिसरात तुम्हीही परके होता, परक्याचा जीव कसा असतो हे तुम्हाला ठाऊक आहे.

८. तेव्हा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, उसाच्या टोळ्या येण्याआधी, प्रत्येक गावाने ठराव करावा: पालांसाठी ठरलेली जागा, तिथे नळ, दिवा आणि बायकांसाठी दार असलेलं शौचालय, आलेल्या कुटुंबांची यादी अंगणवाडी आणि आशाताईंकडे, मजुरीच्या तक्रारीसाठी एका माणसाचं नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. देवळा नगरपंचायतीने बसस्थानकाजवळ रात्रीच्या मुक्कामाची एक खोली उघडी ठेवावी. पैसे कुठून आणायचे, हे त्याच सभेत बोलू. जागा मात्र त्या दिवशी ठरलीच पाहिजे.