धुराचा जमाखर्च

हजिरी घेतांना एखादें नांव पुकारावें आणि उत्तर येऊं नये, हा प्रसंग आम्हां शिक्षकांस नवा नाहीं. "सर, त्याला दम्यानें धाप लागली आहे," असें शेजारच्या बांकावरील मुलगा सांगतो. आम्ही पटावर खूण करितों आणि पाठ पुढें चालूं होतो. परंतु त्या लहानशा खुणेमागें रात्रभर उशाशीं बसलेली आई, बापाची बुडालेली मजुरी, औषधाची उधारी आणि मुलाचे हुकलेले धडे एवढें सर्व दडलेलें असतें. दम्याचीं कारणें अनेक आहेत हें खरें. पण जेथें तो दूषित हवेनें उद्भवतो किंवा बळावतो, तेथें हा खर्च न्यायानें कोणाच्या नांवें मांडावा? जपानांतील योक्काइची शहरांत या प्रश्नाचें जें उत्तर मिळालें, तें आमच्या वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें.

इसेच्या उपसागराकांठीं वसलेल्या या शहरांत १९५९ सालीं खनिज तेल शुद्ध करण्याचे व त्यापासून रसायनें बनविण्याचे कारखाने जोरानें सुरू झाले. त्यांत जाळलें जाणारें तेल स्वस्त, पण गंधकयुक्त होतें. गंधक जळला म्हणजे जो झोंबणारा वायु निर्माण होतो, तो श्वासनलिका आकुंचित करितो. कारखान्यांशेजारच्या इसोझु या कोळ्यांच्या वस्तींत प्रथम माशांस तेलाची घाण येऊं लागली व त्यांस गिऱ्हाईक मिळेना. मागाहून माणसांसच श्वास मिळेना. जवळच्या शिओहामा प्राथमिक शाळेच्या गीतांत कारखाने हे देशाची आशा म्हणून गौरविलेले होते. आणि त्या भागांतील शाळांचीं मुलें तोंडास पिवळ्या मुखपट्ट्या बांधून वावरत होतीं!

कारखान्यांच्या वह्यांत नफाच दिसत होता, कारण धुराची किंमत तेथें मांडलीच जात नव्हती. ती कोळ्याच्या घरीं मांडली जात होती. १९६५ सालीं रुग्णांच्या औषधोपचाराचा भार नगरपालिकेनें उचलला, ही भूतदया खरी; पण धूर एकाचा आणि भरणा दुसऱ्याचा, हा अन्याय तसाच राहिला. उंच धुराडीं उभारलीं, तेव्हां धूर नाहींसा न होतां दूरवर पसरला.

१९६७ सालीं इसोझु येथील नऊ रुग्णांनीं सहा कंपन्यांवर फिर्याद केली. प्रत्येकीचा धूर वेगळा कसा ओळखावा, हा मोठाच पेंच होता. २४ जुलै १९७२ रोजीं न्यायालयानें सहाही कंपन्यांस एकत्र जबाबदार धरून सुमारें ८ कोटी ८० लाख येन भरपाई देवविली. त्याच वर्षीं शिओहामा शाळेच्या गीतांतील कारखान्यांची ती स्तुति बदलण्यांत आली. पुढें १९७३ च्या कायद्यानें, जो जितका गंधकवायु सोडील तितका आकार त्याजकडून घेऊन त्यांतून रुग्णांस औषधोपचार व भरपाई देण्याची सोय झाली. मोटारींवरील करांतूनही त्यांत भर पडली. धूर सोडणें महाग झालें, निर्बंध कडक झाले, आणि पूर्वीं न परवडणारीं गंधक काढून टाकण्याचीं यंत्रें परवडूं लागलीं! कांहीं वर्षांतच हवेंतील त्या वायूचें प्रमाण पुष्कळ उतरलें.

कारखाने मिटवावे, असें आमचें म्हणणें नाहीं. पालकांपैकीं कित्येकांची भाकरी कारखान्यांवरच आहे. योक्काइचीचे कारखानेही चालूच राहिले. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जो माल दुसऱ्याच्या श्वासाच्या मोलानें स्वस्त झाला, तो स्वस्त नव्हे. भरपाईनें औषधाचें बिल फिटतें. धाप लागून काढलेली रात्र मात्र कोणासही परत देतां येत नाहीं. म्हणून पैसा अगोदर धूर रोखण्यांतच खर्चावा, हेंच शहाणपण होय.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुढें कोणी इंजिनियर होईल, कोणी हिशेबनीस, कोणी नगरपालिकेचा सभासद. त्यांनीं नफ्याचा आंकडा मांडण्यापूर्वीं पटावरील ती लहानशी खूण आठवावी, आणि तिचा खर्च कोणाच्या वहींत पडणार आहे, हें आपल्या मनास विचारावें.