फियाटला तिचा कॅम परत द्या

जुन्या फियाटमध्ये शर्यतीचा कॅम, जड स्प्रिंगा आणि चकचकीत रॉकर बसवले की गाडी सुधारली, हा समज आमच्या इंदूर-राऊ-महू पट्ट्यातल्या हौशी गाडीवाल्यांत घट्ट बसला आहे. त्याच गाडीत कंपनीच्या मापाचे मूळ भाग परत घालावेत असं कोणी सुचवलं, की त्याला लगेच मागासलेला ठरवतात. ‘पुढे गेलेली गाडी मागे कशाला आणायची?’ असं विचारतात. विचारणारे गाडीवर प्रेम करणारेच असतात, म्हणून त्यांना उत्तरही मुद्देसूद द्यायला हवं. माझं म्हणणं असं: रस्त्यावर चालवायच्या जुन्या गाडीत व्हॉल्व्ह हलवणारी सगळी साखळी, म्हणजे कॅम, टॅपेट, पुशरॉड, रॉकर आणि स्प्रिंग, एकत्रच मूळ मापावर परत आणावी. एका जागी मात्र जुन्याचा हट्ट सोडावा लागतो. ते पुढे सांगतो.

प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवली आणि १९७४ पासून तिलाच पद्मिनी म्हणून विकलं. इंजिन १०८९ सीसीचं, सिलिंडर ६८ मिलिमीटरचा, स्ट्रोक ७५ मिलिमीटरचा, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. तो टॅपेट उचलतो, टॅपेट पुशरॉडला रेटतो, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेतं तेव्हा कॅम दीड हजार घेतो, म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडून मिटतो. स्प्रिंगचं काम एवढंच की व्हॉल्व्ह वेळेवर मिटावा आणि टॅपेटने कॅमची साथ सोडू नये. त्या कामाला लागतो तितकाच ताण कंपनीने तिच्यात ठेवला आहे. त्याहून जास्तीचा ताण गाडी पुढे ढकलत नाही, कॅमवर दाबला जातो.

विरोधकांचा पहिला मुद्दा इथेच पडतो. ‘जड स्प्रिंग म्हणजे मजबूत स्प्रिंग’ हे त्यांचं पालुपद. जास्त फेऱ्यांना हलकी स्प्रिंग व्हॉल्व्हला आवरू शकत नाही, व्हॉल्व्ह तरंगतो, हे खरंच आहे. पण फियाटचं इंजिन पाच हजार फेऱ्यांच्या आतच आपलं सगळं बळ देऊन मोकळं होतं. जो रोग या इंजिनाला रस्त्यावर होतच नाही, त्याचं औषध त्याला रोज पाजायचं कशासाठी?

औषधाचा परिणाम मी राऊच्या एका गॅरेजमध्ये जवळून पाहिला. अशा ‘सुधारलेल्या’ फियाटचं टॅपेट कव्हर मिस्त्रीने उघडलं. स्प्रिंगा दुसऱ्याच कुठल्या गाडीच्या होत्या आणि ताण वाढावा म्हणून त्यांच्याखाली वॉशर घातले होते. दोन स्प्रिंगांचे वेढे एकमेकांवर आपटून जिथे भिडत होते, तिथे आरशासारखे घासले गेले होते. स्प्रिंगवरच्या टोपीची खालची कड गाईडला लागून तिथे पितळी रंगाची भुकटी साचली होती. रॉकरच्या टोकाला नखाला लागेल असा खड्डा होता. मग त्याने टॅपेट काढून माझ्या हातावर ठेवला. त्याचा तळ गुळगुळीत असायला हवा, तो खवल्याखवल्यांचा झाला होता. ‘काका, स्प्रिंगने कॅम खाल्ला,’ तो म्हणाला. हे निदान मला आजही पुरेसं वाटतं.

आता कॅमकडे वळू. आपल्याकडे ‘शर्यतीचा कॅम’ म्हणून जो मिळतो, तो बहुतेक वेळा जुनाच कॅम वेगळ्या आकारात घासून तयार केलेला असतो. घासून धातू कमी होतो, वाढत नाही. उचल वाढवायची तर कॅमचा तळाचा घेर लहान करावा लागतो. घेर लहान झाला की टॅपेट खाली बसतो, ती उणीव भरून काढायला रॉकरचा स्क्रू आणखी आत फिरवावा लागतो आणि रॉकरचा कोन बिघडतो. मग रॉकर व्हॉल्व्हच्या दांडीला सरळ न दाबता बाजूला रेटतो आणि गाईड लंबगोल होत जातो. याशिवाय कॅमच्या पृष्ठभागावर कडक केलेला पातळ थर असतो. घासणाऱ्याचा हात थोडा जड झाला की तो थर जातो, खालचा मऊ धातू उघडा पडतो, आणि त्याच मऊ धातूवर आपण जड स्प्रिंग लादतो.

‘पण घाटात ताकद लागते ना?’ हा दुसरा मुद्दा आणि तो राऊकरांच्या अगदी जिव्हाळ्याचा. महेश्वरहून परतताना निमाडातून माळव्यात यायचं तर मानपूरचा घाट चढावा लागतो. पुढे ट्रक, गाडीत चार माणसं, दुसरा गिअर. इंजिन अशा वेळी दोन-अडीच हजार फेऱ्यांवर राबत असतं. शर्यतीचा कॅम आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरापर्यंत उघडा ठेवतो. फेऱ्या खूप असतील तर आत घुसणाऱ्या हवेला वेग असतो, म्हणून हा उशीर फायद्याचा. फेऱ्या कमी असतील तर वर येणारा पिस्टन त्याच हवेला कार्ब्युरेटरकडे मागे लोटतो. घाटात जिथे जोर हवा तिथेच तो कमी पडतो, आणि तो पुरवायला गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून इंजिन ओरडवावं लागतं. आयडलिंग डळमळतं, राऊ सर्कलच्या गर्दीत गाडी बंद पडते, पेट्रोल जास्त लागतं. कुर्ल्याच्या अभियंत्यांनी, आणि त्यांच्याआधी तुरीनच्या, हा कॅम माणसं आणि सामान भरून चालणाऱ्या गाडीसाठी ठरवला होता. मानपूरचा घाट अशाच गाडीचा आहे.

शर्यतवाल्यांचा दाखला इथे हमखास येतो. मद्रासजवळच्या शोलावरम धावपट्टीवर आपल्या लोकांनी फियाटची इंजिनं अशी काही तयार केली की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावं. त्या कसबाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ती इंजिनं काही फेऱ्यांसाठी बांधलेली असत, शर्यत झाली की उघडली जात, आणि झिजलेला भाग बदलण्याची तयारी ठेवूनच मैदानात उतरत. त्यांनी कॅम बदलला तेव्हा पिस्टन, कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट आणि इग्निशनही त्याला जुळवून घेतलं. आपले हौशी त्यातला एक भाग उचलतात आणि बाकीचं इंजिन आहे तसंच ठेवतात. हे त्या परंपरेचं अनुकरणसुद्धा नाही.

राऊपासून जवळच, पिथमपूरला, नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्ग २०२१ मध्ये सुरू झाला. असले मार्ग कशासाठी बांधतात? भाग टेबलावर चांगला दिसला म्हणून कोणताही कारखाना तो मंजूर करत नाही. तो पूर्ण गाडीत बसवून, उन्हात, वेगात, हजारो किलोमीटर पळवून पाहतात. जुन्या फियाटच्या मूळ कॅमच्या मागे अशीच चाचणी उभी आहे, शिवाय मुंबईच्या टॅक्सीची चार दशकं उभी आहेत. दुकानातून आणलेल्या जोडणीमागे विकणाऱ्याचा शब्द असतो, फार तर एखादी शर्यत असते.

‘आत काय आहे ते कोणाला दिसतंय?’ हा तिसरा मुद्दा मला सर्वांत जास्त टोचतो. बाहेरून रंग, क्रोम, आसनं सगळं मूळचं करायचं आणि आतलं खुशाल बदलायचं! केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी त्यात बसते, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा अशी त्यात अट आहे. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. १९७४ मध्ये नोंदलेल्या पहिल्या पद्मिन्यांनी २०२४ मध्येच पन्नाशी गाठली. एक कॅम बदलणं या अटीत मोडतं की नाही यावर वकील वाद घालतील. मला तो वाद नको आहे. जे इंजिन पन्नास वर्षं टिकलं म्हणून सरकार त्याला मान देणार, ते आतूनही तेच असावं, इतकं साधं माझं मत.

इंदूरच्या माणसाला तर हे सांगावं लागू नये. यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग एसजे, लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी चढवलेली, आज जगभरच्या जाणकारांच्या तोंडी आहे ती रंगासाठी आणि आकारासाठी, तशीच तिच्या आठ सिलिंडरच्या, दोन कॅमच्या आणि बत्तीस व्हॉल्व्हच्या इंजिनासाठी. पद्मिनी राजाची गाडी नव्हती. शिक्षकाची, डॉक्टरची, छोट्या व्यापाऱ्याची होती, आणि मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. तिच्या इंजिनाचा मान त्यामुळे कमी होतो असं मी मानत नाही.

चौथा आक्षेप मात्र वजनदार आहे: मूळ भाग मिळत नाहीत. मिळतात, पण शोधावे लागतात. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. ज्या गाडीने इतकी वर्षं टॅक्सी म्हणून काम केलं तिच्या सुट्या भागांचा साठा एका दिवसात संपत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, चोर बाजारात चिकाटीने फिरावं लागतं. तिथे मिळालेला डबा जुना आणि कंपनीचा आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नये, हे मूळपणाच्या कडव्या भक्तांनाही सांगायला हवं. वर्षानुवर्षं दमट गोदामात पडलेल्या स्प्रिंगवर गंजाचा ठिपका असेल तर ती तिथूनच तुटते, आणि तुटली की व्हॉल्व्ह पिस्टनवर येतो. रबरी सील तर डब्यातच कडक होतात. मोजावं, ताण तपासावा, मगच बसवावं. नव्याने कोणी त्याच मापाचा, त्याच धातूचा भाग नीट बनवून देत असेल तर तो मला चालतो.

आता ती सवलतीची जागा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. जुन्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये पातळ अस्तर धरत असे आणि तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटला चिकटू देत नसे. अँबॅसडरच्या बीएमसी जातीच्या जुन्या इंजिनात सीट थेट बिडाच्या हेडमध्येच कापलेली असते. शिसं गेल्यावर ती हळूहळू झिजून व्हॉल्व्ह आत धसतो, टॅपेटची फट नाहीशी होते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो आणि जळतो. तिथे कोणी कडक धातूची सीट बसवली असेल तर ती काढून मूळचं करण्याचा हट्ट धरू नये. पेट्रोल बदललं आहे, त्याला हेच उत्तर आहे. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं, त्यात सीट वेगळी बसवलेलीच असते, पण ती झिजली असेल तर नवी कडक धातूचीच घ्यावी.

परत मूळ मापावर येणाऱ्यांनी काम अर्धवट करू नये. नव्या कॅमवर जुने, खवले पडलेले टॅपेट ठेवले तर नवा कॅम थोड्याच दिवसांत जातो. टॅपेट नवे घ्या किंवा त्यांचे तळ नीट करून घ्या. स्प्रिंगखालचे वॉशर काढा. हेड घासून पातळ झालं असेल तर पुशरॉडची लांबी आणि रॉकरचा कोन पाहा. कॅमवर आणि टॅपेटच्या तळावर जोडणीचा लेप लावा, जस्त असलेलं तेल भरा, कारण आजच्या पुष्कळ तेलांत ते कमी केलेलं असतं. पहिल्यांदा चालू केल्यावर इंजिन आयडलिंगला सोडू नका. वीसेक मिनिटं दोन हजारांच्या आसपास ठेवा, म्हणजे कॅमवर पुरेसं तेल उडतं. टॅपेटची फट फिलर गेजने, कंपनीच्या पुस्तकात दिलेली, त्यात सांगितलेल्या तापमानालाच ठेवा. शर्यतीच्या कॅमसाठी कोणी कानात सांगितलेली फट आता विसरा.

आणि राऊ-महूकडच्या गाडीवाल्यांना एक विनंती. सुधारणेच्या भरात काढलेला तुमच्या गाडीचा मूळ कॅम गॅरेजच्या कोपऱ्यात पडला असेल, तर तो भंगारवाल्याला देऊ नका. तेल चोळून, कागदात गुंडाळून उभा ठेवा, आणि आठही टॅपेट कॅमच्या कोणत्या उंचवट्यावरचे होते ते चिठ्ठी बांधून लिहून ठेवा. तुम्हाला नको असेल तर ज्याला गाडी मूळची करायची आहे त्याला द्या.