जाळीचे तुकडे

डॉन स्टॅली हे नाव ध्यानात ठेवा. १९७० साली फिलाडेल्फियात जन्मलेली, तिथल्या गरीब सरकारी वस्तीत वाढलेली काळी पोर. उंची साडेपाच फूट. बास्केटबॉलात ही चेष्टाच. तरी १९९६, २०००, २००४ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं हिनं आणली.

२००८ मध्ये ती दक्षिण कॅरोलायना विद्यापीठात कोच झाली. या राज्याच्या विधानभवनासमोर गुलामगिरीसाठी लढलेल्यांचा झेंडा २०१५ पर्यंत फडकत होता. म्हणजे सात वर्षं बाईनं त्या झेंड्याच्या गावात टीम बांधली. मग २०१७, २०२२, २०२४ ची अजिंक्यपदं. २०२४ ला तर ३८ सामने, ३८ विजय.

पेपरवाले याला गुणवत्ता म्हणतात. मग सांगा, कॉलेजच्या या स्पर्धेत पहिली काळी कोचबाई कॅरोलिन पेक १९९९ साली जिंकली, दुसरी ही २०१७ ला. मधली अठरा वर्षं गुणवत्ता काय झोपली होती? मैदानात पळायला काळ्या पोरी चालतात, हुकूम सोडायला नाही. ओझं एकाचं, मुकादमी दुसऱ्याची; गोदीत आम्ही रोज बघतो.

तिकडं जिंकलेली टीम बास्केटची जाळी कापून घेते. पेकनं आपल्या जाळीचा तुकडा २०१५ ला स्टॅलीच्या हातात ठेवला. स्टॅलीनं स्वतःची जाळी जिंकली, ती कपाटात नाही कोंडली. २०२१ मध्ये तुकडे केले अन् देशभरच्या काळ्या कोचबायांना धाडले. त्याच साली विद्यापीठाकडून पुरुष कोचच्या बरोबरीचा पगारही घेतला. सात वर्षांचे दोन कोटी चोवीस लाख डॉलर. मागून घेतला, उपकार म्हणून नाही.