विश्लेषण : वळिवड्याचा अभिमान हवाच, पण निर्वासितांसाठी कायदा कधी?

दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निराधार मुलांना जगात कोणीच थारा दिला नाही, फक्त भारताने दिला, अशा अर्थाचा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. माझ्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो दोनदा आला. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सामधील कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केले, तेव्हापासून तो जास्तच फिरतो. मेसेज अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्यात आपण स्वतःला कसे पाहतो, ते दिसते.

वळिवड्यात काय घडले?

१९३९ मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड ताब्यात घेतला आणि पुढे लाखो पोलिश नागरिकांना सायबेरिया, कझाकस्तानात धाडले. १९४२ मध्ये त्यातील अनेकजण इराणमार्गे बाहेर पडले. काही मुले जामनगरजवळच्या बालाचडीत आली. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार जणांची छावणी होती. त्यात बहुतेक महिला आणि मुले होती. शाळा, चर्च, दवाखाना सगळे तिथेच. पुढे याच जागी फाळणीत घर गमावलेली सिंधी कुटुंबे आली. कोल्हापूरकर कापड खरेदीला जातात ते गांधीनगर हेच.

‘फक्त भारतानेच’ हे खरे का?

नाही. एक लाखाहून अधिक पोलिश लोकांना आधी इराणने सामावून घेतले. पूर्व आफ्रिकेत छावण्या होत्या, मेक्सिकोने जागा दिली, न्यूझीलंडने १९४४ मध्ये ७३३ मुले नेली. शिवाय तेव्हा भारत स्वतंत्र नव्हता. वळिवड्याची व्यवस्था ब्रिटिश सरकार आणि लंडनमधील परागंदा पोलिश सरकार यांच्यात ठरली आणि खर्चाचा मुख्य भार त्या पोलिश सरकारवर होता. कोल्हापूरकरांनी दिला तो शेजार आणि आपलेपणा. तो लहान नाही. पण तो माणसांचा मोठेपणा होता, परराष्ट्र धोरण नव्हते.

स्वातंत्र्यानंतर भारत कसा वागला?

अनेकदा उदारपणे. १९५९ मध्ये दलाई लामा आणि त्यांच्यामागोमाग आलेले तिबेटी, १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेले सुमारे एक कोटी लोक, १९८३ नंतरचे श्रीलंकन तमिळ. मात्र १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. सीमा लांब, शेजार अस्थिर, सुरक्षेची चिंता, त्यामुळे हात मोकळे असावेत हा युक्तिवाद. तो पोकळ नाही.

मग अडचण कुठे?

आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाच नाही. १९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला, तरी निर्वासित कोण, याची व्याख्या त्यातही नाही. म्हणजे जीव वाचवायला कागदपत्रांशिवाय आलेली बाई आणि घुसखोर कायद्याला सारखेच. सवलत मिळते ती सरकारी आदेशाने, गटागटाने. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात तीन देशांतील सहा धर्मसमूह आहेत; म्यानमारचे रोहिंग्या आणि श्रीलंकेचे तमिळ नाहीत.

२०२१ मध्ये म्यानमारमधील लष्करी उठावानंतर चिन समाजाचे लोक मिझोराममध्ये आले. राज्यांना निर्वासित दर्जा देण्याचा अधिकार नाही, असे केंद्राने कळवले. तरीही मिझोरामने त्यांना ठेवून घेतले. आजचे वळिवडे शोधायचे तर तिथे जावे लागेल. त्याचा मेसेज मात्र माझ्या ग्रुपवर कधी आला नाही.

बाकीचे देश कुठे धुतल्या तांदळाचे?

नाहीतच. स्वातंत्र्याचा दीपस्तंभ म्हणवणाऱ्या अमेरिकेने १९३९ मध्ये ‘सेंट लुईस’ जहाजावरील नऊशेहून अधिक ज्यू प्रवाशांना उतरू दिले नाही. करारावर सही करणारे युरोपीय देशही आज दारे लावून घेत आहेत. प्रत्येक देशाला आपण वेगळे, आपण नीतिमान असे वाटते. त्यामुळे सही म्हणजे सद्गुणाचा दाखला नव्हे. पण दुसरा चुकतो म्हणून आपला हिशेब मिटत नाही.

काय करायला हवे?

माझे मत सरळ आहे. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत एक गोष्ट डोक्यात बसली : खुर्चीवर चांगला माणूस असेल तरच चालते, ती सिस्टिम नव्हे. वळिवड्याचा अभिमान खरा असेल तर अर्ज कोणाकडे करायचा, निर्णय किती दिवसांत, अपील कुठे, हे लिहिलेला कायदा करावा. त्यानेच खऱ्या घुसखोरालाही रीतसर परत पाठवता येईल. शशी थरूर यांनी २०२२ मध्ये लोकसभेत असे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. राज्यघटनेच्या कलम २१ चे संरक्षण परकीयांनाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा प्रकरणात सांगितलेच आहे.

‘वसुधैव कुटुंबकम्’ आपण जी-२० मध्ये जगाला ऐकवले. कुटुंबात कोणाला घ्यायचे, हे दरवेळी दारात उभ्या माणसाचा धर्म आणि देश बघून ठरत असेल, तर ते वाक्य पाहुण्यांना दाखवण्यापुरतेच उरते. पुढच्या वेळी तो पोलिश मुलांचा मेसेज आला की फॉरवर्ड जरूर करा. सोबत एवढेच विचारा : तीच मुले आज आली, तर कोणत्या कायद्याने राहतील?