आमच्या दुखण्याची यादी आमच्या हाती हवी

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या बायकांच्या शरीराबद्दल बरेच लिहिले गेले आहे. ते त्यांच्यापर्यंत मात्र आलेले नाही. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्यांवर प्रश्नावल्या घेऊन येणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. वजन होते, बोटाला सुई टोचून रक्त घेतात, मुले किती आणि गेली किती हे विचारतात. कामाचा खाडा करून बाई उत्तरे देते. पुढे त्या उत्तरांवर कुणाला पदवी मिळते, कुणाचा लेख इंग्रजी नियतकालिकात छापून येतो आणि तो वाचायला अनेकदा पैसे मोजावे लागतात. पीएच. डी.चे बरेच प्रबंध निदान 'शोधगंगा'वर सापडतात. आम्ही एम. एस. डब्ल्यू.च्या मुलींनी घरोघर फिरून लिहिलेले प्रबंध शोधायचे, तर कपाटाची किल्ली कुणाकडे आहे इथपासून सुरुवात करावी लागते.

यावर आपल्या चळवळीतल्या काही ज्येष्ठ मैत्रिणी म्हणतात, 'रकाने कसले भरता? प्राथमिक आरोग्य केंद्रावर मोर्चा काढा!' मोर्चा काढूच. पण अधिकारी जिल्ह्याचा आकडा पुढे करतो तेव्हा आपण काय दाखवणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत पुणे जिल्ह्याचा एकच तक्ता आहे. त्यात पुणे शहर आहे, पिंपरी-चिंचवड आहे आणि भीमाशंकरच्या बाजूची वाडीही आहे. कोथरूडची बाई आणि डिंभे धरणाच्या काठची विस्थापित बाई यांची सरासरी काढली की दोघींपैकी एकीचेही दुखणे दिसत नाही. या सरासरीखाली आदिवासी बाई गाडली जाते, आणि आपण तिथे घोषणा देत उभ्या राहतो.

अभ्यास हाती असला की काय होते हे याच राज्याने पाहिले आहे. १९८९ साली डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी 'लॅन्सेट'मध्ये मांडली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी एवढेच धरले जाई. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. बायका हे वर्षानुवर्षे सांगत होत्याच, पण आकडा आल्यावर विधिमंडळाला ऐकू आले. आता जुन्नरच्या विघ्नहर आणि आंबेगावच्या भीमाशंकर कारखान्यांच्या उसात कोयता चालवणाऱ्या बाईचा विचार करा. तिची मोजणी होते ती तिच्या गावी. कंबर मोडते ती इथल्या फडात. इथल्या आरोग्य केंद्राच्या लेखी ती पाहुणी.

म्हणून आम्ही काही जणींनी एक काम हाती घेतले आहे. या दोन तालुक्यांत आरोग्यावर जे अभ्यास झाले, त्यांची शोधता येईल अशी मराठी सूची करायची. कोणी केला, कधी, कोणत्या गावांत, किती जणींना विचारले, काय आढळले. यासाठी संगणक अभियंता लागत नाही. कोडची एक ओळही न लिहिता अशी सूची आज बचत गटाचा हिशेब ठेवणारी मुलगी बांधू शकते. गूगल शीट्समध्ये तीन तक्ते करायचे: एक अभ्यासांचा, एक गावांचा, एक विषयांचा. प्रत्येक अभ्यासाला क्रमांक द्यायचा, म्हणजे तक्ते एकमेकांना जोडता येतात. ॲपशीट किंवा एअरटेबलसारख्या साधनाने त्यावर फोनवर उघडणारे पान चढवायचे. गाव निवडले की तिथले अभ्यास समोर. गावात फिरून माहिती भरायला कोबो टूलबॉक्स बरे. रेंज नसली तरी ते भरून घेते आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवते. डोंगरातल्या वाड्यांना ही मोठी सोय आहे.

खरा झगडा शब्दांचा आहे. यंत्र अक्षर जुळवते, अर्थ जुळवत नाही. बाई म्हणते 'पिशवी काढली'. अहवालात असते 'हिस्टरेक्टॉमी', सरकारी मराठीत 'गर्भाशय-उच्छेदन'. बाई म्हणते 'अंगावरून जातं', 'अंग बाहेर येतं'. त्या शब्दांनी शोधले तर सूची कोरी पाटी दाखवते, आणि बाईला वाटते आपल्या दुखण्यावर कुणी काही लिहिलेलेच नाही. म्हणून आमच्या तक्त्यात 'बायकांचे शब्द' असा वेगळा रकाना आहे आणि तो बायका बसून भरतात. एकच दुखणे घोडेगावच्या बाजूला एका नावाने, ओतूरला दुसऱ्या. दोन्ही नावे लिहायची. प्रमाणभाषेच्या पुरुषांनी नाके मुरडली तरी चालेल. रकाने कोण आखतो, हा सत्तेचाच प्रश्न आहे.

सूची भरू लागलो की रिकाम्या जागाही दिसू लागतात, आणि त्या मला जास्त बोलक्या वाटतात. सर्पदंशावर नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांचे वर्षानुवर्षांचे काम आहे. भाताच्या खाचरात उभ्या असलेल्या बाईला त्याचा थेट उपयोग. पण द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या बागेत औषध मारल्यावर दुसऱ्या दिवशी तोडणीला जाणाऱ्या बाईच्या पाळीचे, गर्भाचे काय होते? हिरडा गोळा करत दिवसभर रान तुडवणारीच्या गुडघ्यांचे काय? या रकान्यांत आमच्याकडे अजून एकही नोंद नाही. खोडदला ३० महाकाय अँटेना दूरच्या आकाशगंगांची कुजबुज ऐकतात, त्याचा अभिमान आहेच. तिथून पाच मैलांवरची बाई काय म्हणते, त्यासाठी कान कोण लावणार?

दोन गोष्टींवर मात्र मी अडून बसणार आहे. सूची अभ्यासांची आहे, बायांची नाही. कुणाही बाईचे नाव, आधार, फोन तिच्यात येणार नाही. दहा घरांच्या वाडीत 'दोन कातकरी स्त्रिया, गुप्तरोग' असे लिहिणे म्हणजे चावडीवर नावे पुकारणेच. असा आकडा गावाच्या नावाने दाखवायचा नाही, तालुक्यात मिसळून टाकायचा. दुसरे, मालकीचे. ही साधने परदेशी कंपन्यांची आहेत. आज फुकट, उद्या डॉलरमध्ये बिल. म्हणून दर महिन्याला सगळे तक्ते साध्या फाइलीत उतरवून घ्यायचे आणि कागदावर छापलेली एक प्रत गटाच्या पेटीत ठेवायची. 'आम्ही तुम्हाला चकाचक ॲप करून देतो' म्हणत निधीसह येणाऱ्या संस्थांना विचारा, तीन वर्षांनी प्रकल्प संपल्यावर पासवर्ड कुणाकडे राहील?

संशोधकांशी आमचे वैर नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात, की संशोधनाचा लाभ लोकांपर्यंत परत गेला पाहिजे. आमच्या तक्त्यातला शेवटचा रकाना त्यासाठीच आहे: 'निष्कर्ष गावाला सांगितले का?' आतापर्यंत तिथे बहुतेक ओळींत 'नाही' लिहावे लागले आहे. ज्यांना ते बदलून हवे असेल त्यांनी आपला अहवाल घेऊन बाजाराच्या दिवशी गावात यावे, मराठीत वाचून दाखवावा आणि बायकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. 'होय' लिहायचे की नाही, ते त्या बायका ठरवतील.