रेघ तुझी, चित्र माझे

परवा रविवारी दुपारी शेजारची तीन पोरे आमच्या खोलीत जमली. आम्ही कागद दिले आणि म्हणालो, "काढा चित्र." तिघांनीही तेच काढले. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी आणि काठावर कौलारू घर. आमच्या वस्तीत ना डोंगर, ना नदी! पण दोष पोरांचा नाही. फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवले की शाबासकी, ही सवय आपण मोठ्यांनीच लावली आहे.

मग आम्हाला एका डॉक्टरांचा खेळ आठवला. डोनाल्ड विनिकॉट हे लंडनमधले बालरोगतज्ज्ञ. तिथल्या पॅडिंग्टन ग्रीन भागातील मुलांच्या रुग्णालयात त्यांनी सुमारे ४० वर्षे काम केले. १९७१ साली ते वारले. गप्प बसलेले मूल समोर आले की ते प्रश्नांची सरबत्ती करीत नसत. कागदावर एक वेडीवाकडी रेघ ओढायची आणि मुलाला सांगायचे, याचे काहीतरी कर. मग मुलाने रेघ ओढायची आणि डॉक्टरांनी तिचे काहीतरी करायचे. पाळीपाळीने. चूक-बरोबर काही नाही.

आम्ही डोळे मिटून एक वेटोळे काढले. थोरल्याने त्याचा नाग केला. मधलीने पाण्याचा पाइप केला आणि त्यापुढे हंड्यांची रांग लावली. धाकटा फारसा बोलत नाही. त्याने कागद उलटा फिरवला, वेटोळ्याला पाय काढले, वर दोन डोळे काढले. मिटलेले.

"हे कोण रे?"

"बाबा. आवाज नाही करायचा."

त्याचे बाबा रात्रपाळीला जातात. दिवसा त्या दहा बाय दहाच्या खोलीत पोर कसे वावरत असेल, ते आम्हाला शेजारी राहूनही कधी सुचले नव्हते.

माता-भगिनींनो, या खेळाला खर्च नाही. कॅलेंडरची मागची बाजू चालते, लग्नपत्रिकेची चालते, नाहीतर फरशीवर खडू. खोडरबर मात्र लपवून ठेवा. आणि "हे काय काढलेस?" असे दरडावू नका, "इथे काय चाललेय?" असे विचारा. पोरे जास्त असतील तर कागदाची घडी घालून खेळा. एकाने डोके काढून झाकायचे, दुसऱ्याने न बघता धड, तिसऱ्याने पाय. १९२५ च्या सुमारास पॅरिसमध्ये मोठमोठे कवी-चित्रकार हाच खेळ खेळत बसत, तर आपल्याला लाज कसली?

शेवटी धाकट्याने एक रेघ ओढून कागद आमच्यापुढे सरकवला. आम्ही बराच विचार करून आंबा काढला. त्याने मान वाकडी करून पाहिले आणि म्हणाला, "काका, तुम्हाला नाही येत. पुन्हा काढा."