वादळ येणारच, अंधार का यावा?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दापोली, मंडणगडच्या कित्येक गावांत नंतर काही आठवडे वीज नव्हती; विजेअभावी नळाचे पाणीही बंद.

अशा किनाऱ्यावर पवनचक्की टिकेल का, असे मला विचारले जाते. ग्वादेलूप बेटावर वादळाआधी छोट्या पवनचक्क्या खांबासकट जमिनीवर आडव्या करतात, वारा ओसरला की पुन्हा उभ्या. वादळात त्या चालत नाहीत. खरी गरज नंतरच्या दिवसांची असते.

माझी मागणी मोठी नाही. पाण्याचा पंप आणि आरोग्य केंद्र यांच्यापुरती पवनचक्की, बॅटरी आणि जमिनीखालून वाहिनी. मोहल्ला आणि वाडी यांनी मिळून येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा.